नमुन्याचा मासा

घुग्घुसजवळच्या एका सिमेंट कारखान्यात मी खरेदी खात्यात होतो. नट-बोल्ट, पट्टे, ग्रीस, हातमोजे, जे लागेल त्याचा पुरवठादाराशी वर्षाचा करार करायचा. कराराचा छापील मसुदा सगळ्यांना एकच. त्यातलं चौदावं कलम असं, की मालाचा एक नमुना दोघांच्या सहीनं सीलबंद करून ठेवायचा आणि येणारा प्रत्येक नग त्याच्याशी ताडून बघायचा. जुळला नाही तर परत. बोल्टांना हे ठीक आहे हो. पण कॅन्टीनला लागणाऱ्या माशांचा करार करायची वेळ आली तेव्हाही तोच मसुदा निघाला. कलम काढू का, म्हणून मी वर विचारलं. वरून उत्तर आलं, कलमं काढायची नसतात.

मासे देणारी बाई माझ्याहून मोठी. घरची माणसं गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, जाळं टाकायची आणि ही आठवडी बाजारात बसून विकायची. कराराच्या दिवशी तिनं एक मरळ आणला. मी मोजला, पस्तीस सेंटिमीटर. शेपटीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, लाख लावली, दोघांनी सह्या केल्या आणि मासा कॅन्टीनच्या डीप फ्रीजरमध्ये गेला.

"खाऊन नाई राह्यले, तं ठेवून काऊन राह्यले जी?" बाईनं विचारलं.

"नमुना आहे बाई."

"मंग याले हार-फूल बी आणू का?"

मी हसलो नाही. तेव्हा मला नियमांचं फार वेड होतं. बाई मात्र खुशीत होती. कंपनीच गिऱ्हाईक झाल्यावर बाजारात कायले बसू, म्हणून तिनं बाजारातली आपली जागा जावेला देऊन टाकली.

पुढचे महिने रोज सकाळी एकच तमाशा. मी फ्रीजरमधून नमुना काढून टेबलावर ठेवायचा, शेजारी बाईचा मासा ठेवायचा आणि पट्टी लावायची. एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे चालवून घ्यायचो, तेवढाच माझा दिलदारपणा. सुरुवातीला जुळत गेलं. पण पावसाळा सरला तसे बोडीतले मासे वाढले. वाढणारच ना, त्यांनी थोडाच करार वाचला होता!

"बाई, हा मोठा आहे."

"मोठा हाय तं चांगला हाय ना जी!"

"नमुन्याशी जुळत नाही."

"अरे बाप्पा! मोठ्या माशाले बी कोणी वापस धाडते का?"

मी धाडायचो. 'परत, कारण: जादा लांब' असं स्वतःच्या हातानं फॉर्मवर लिहायचो. आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. शेवटी बाईनं बांबूची एक काठी केली, तिच्यावर पस्तीसला खाच पाडली आणि बोडीवरच मोजून आणायला लागली. तरी खाचेत बसणारे मासे पुरेसे मिळायचे नाहीत, टोपली भरायला आणलेले निम्मे परत जायचे आणि गावात फुकट वाटले जायचे.

एके दिवशी मी तिची अख्खी टोपली परत पाठवली आणि नेमके त्याच दुपारी मुख्यालयातले मोठे साहेब न सांगता जेवायला आले. त्यांना मासाच हवा. आचाऱ्यानं फ्रीजर उघडला, जो होता तो कापला आणि तळला. मीही साहेबांसोबत बसलो, दोन तुकडे खाल्ले आणि वर म्हणालो, "वा, काय ताजा मासा आहे!" साहेबांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना काढायला गेलो तर फ्रीजर रिकामा. चिठ्ठी खिळ्याला लटकवलेली. आचारी म्हणाला, "तुमची सही होती भाऊ, फेकू कसा?"

त्याच दुपारी पत्र आलं, चार दिवसांनी करारांची तपासणी. नमुना हजर नसेल तर करार रद्द, पुरवठादाराचं नाव यादीतून बाद. मी मोटरसायकल काढली आणि बाईचं गाव गाठलं. सगळं सांगितलं. आधी ती पोट धरून हसली. मग हसू थांबलं.

"मंग माहा करार?"

"जाईल."

"आन बाजारातली जागा तं मी जावेले देल्ली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाल्ला मी, आणि भोगणार ही. मी हात जोडून म्हणालो, "बाई, तसाच एक मासा आणून द्या. बाकी माझ्याकडे लागलं."

"माप ठाऊक हाय मले. काठी हाय ना."

दुसऱ्या दिवशी तिनं मासा आणला. मी घाईघाईनं चिठ्ठी बांधली आणि फ्रीजरमध्ये कोंबला. वर्षभर मोजमाप करणारा मी, त्या दिवशी पट्टीला हातही लावला नाही.

तपासणीला आलेले साहेब नाकाला रुमाल लावूनच होते. नियमाप्रमाणे बाईलाही बोलावलं होतं. साहेबांनी पट्टी लावली. चाळीस. पुन्हा लावली. चाळीस. नोंदवहीत पस्तीस.

"नमुना वाढला कसा?"

बाई शांतपणे म्हणाली, "साहेब, वर्षभर कंपनीत राह्यला. थंड्या हवेत बसून कोणी बी वाढंन." आणि तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं.

साहेब हसले नाहीत. बराच वेळ विचार करून म्हणाले, "बरोबर आहे. पाणी गोठलं की फुगतं. माशात पाणीच जास्त." आणि त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'गोठल्यामुळे प्रसरण. यापुढे प्रमाण माप चाळीस धरावे.' खाली सही, शिक्का. करार कायम.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मी घाम पुसत बाईला विचारलं, "काठी चुकली का हो तुमची?"

तिनं काठी माझ्यापुढे धरली. पस्तीसची खाच हाताळून काळी पडलेली. तिच्या वर चाळीसला दुसरी, नवी, पांढरी.

"काठी कायले चुकंन, भाऊ? माहे मासे कापून लहान करता येत नाई, मंग तुमचाच मोठा केला."