हात न आपटणारे मुनाकाता गुरुजी

कल्पना करा, तुम्ही उताणे पडला आहात. तुमचा उजवा हात समोरच्याच्या मांड्यांमध्ये अडकलाय आणि तो तुमचं कोपर उलट्या दिशेला ताणतोय. मोकळा हात चटईवर दोनदा आपटला की लढत संपते. हार होते, कोपर वाचतं. आता हात आपटू नका.

उराहामा गावातल्या दोन पिढ्यांना मुनाकाता गुरुजींनी जूडोत हेच शिकवलं. तरुणपणी ते राष्ट्रीय विजेते होते. अंतिम लढतीत आकिताच्या नुकायांनी त्यांचं कोपर असंच धरलं होतं. गुरुजींनी हात आपटला नाही, पकडीतून सुटले आणि नुकायांना पाठीवर आदळलं. ही गोष्ट गावातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. त्सुरुमाकी या शिष्याला जरा जास्तच पाठ होती. सतराव्या वर्षी त्यानेही हात आपटला नाही. त्याचं ते कोपर अजून सरळ होत नाही.

जूडो सुटलं की आमच्याकडे बरेच जण हाडं बसवायचा दवाखाना काढतात. मोडतं कसं हे माहीत असतं, म्हणजे अर्धं शिक्षण झालेलंच असतं. गुरुजींच्या दवाखान्यात मी मदतनीस आहे. त्सुरुमाकी आता तोफू करतो आणि दर बुधवारी कोपर शेकायला येतो. दोघे हवामानावर बोलतात.

यंदा गावाने नव्या जूडोगृहाला गुरुजींचं नाव द्यायचं ठरवलं. दारावर लावायला त्यांच्या अक्षरात एकच वाक्य हवं होतं: ‘हात आपटू नका.’ गुरुजी महिनाभर शाई घोटत बसले. कागद कोराच राहिला.

मग एका बुधवारी त्यांनी दवाखान्यातूनच नुकायांना फोन लावला. नुकायांना हल्ली कमी ऐकू येतं.

“नुकाया! त्या दिवशी मी हात आपटला होता!”

“सफरचंदं मिळाली का?” पलीकडूनही तेवढाच मोठा आवाज आला.

“मिळाली! हात! डावा! पंचांना दिसला नाही!”

“गोड आहेत ना?”

“गुरुजी, हळू,” कंबर धरून बसलेल्या ओचीआजी म्हणाल्या. “मासळीबाजारापर्यंत जातंय.”

गुरुजींनी फोन ठेवला. शेकाच्या दिव्याखाली त्सुरुमाकी बसला होता.

“म्हणजे आपटायला चालत होतं?” त्याने विचारलं.

“चालत होतं.”

“मलाही?”

“तुलाही.”

“या कोपराचा मला अभिमान होता, गुरुजी. आता ते नुसतंच दुखेल.”

गुरुजींनी गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. बराच वेळ तसंच ठेवलं.

“उठा,” शेवटी त्सुरुमाकी म्हणाला. “कंबर धरली तर तुमची बसवणार कोण?”

त्याच दुपारी गुरुजींनी कागदावर लिहिलं: ‘दुखलं की हात आपटा.’ कागद हलू नये म्हणून एक कोपरा त्सुरुमाकीने दाबून धरला होता. समितीचं म्हणणं, यातून स्फूर्ती मिळत नाही. जूडोगृह अजून बिननावाचं आहे. गुरुजींची त्याबद्दल तक्रार नाही.

खरं तर पंचाने थांबवेपर्यंत पकड सोडायची नसते. पण सरावात रोज समोरच्याने हात आपटला की आपण सोडतोच, आणि ती सवय अंगात मुरते. म्हणून गुरुजी दर बुधवारी पुन्हा फोन लावतात. त्यांना एवढंच कळायला हवंय: त्या दिवशी नुकायांची पकड घामाने सुटली, की त्यांनी सोडली?