रिकामं गोदाम

माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून कारखान्याचं गेट दिसतं. काल गेटबाहेर उभ्या ट्रकच्या आरशात बघत एक ड्रायव्हर दाढी करत होता. अर्धी झाली असेल, तेवढ्यात वॉचमनने टोकनचा नंबर पुकारला. तो तसाच साबणाच्या तोंडाने धावला. नंबर दुसऱ्याच गाडीचा होता. परत येऊन त्याने उरलेली दाढी केली, पण कान गेटकडेच होते.

त्याचा तो रांगेतला तिसरा दिवस होता. पुकारा झाला तेव्हा जागेवर नसलं तर रांगेच्या शेवटी जावं लागतं, म्हणून तो नाक्यावर जेवायलासुद्धा जात नव्हता.

नोकरीला लागलो तेव्हा आम्हाला शिकवलं होतं, की माल पडून राहता कामा नये. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच आत घ्यायचा. आम्ही ते मनापासून पाळलं. पाहुणे आले की आमचं मोकळं, लख्ख पुसलेलं गोदाम कौतुकाने दाखवतो. माल आत पडून नसतो हे खरं. तो बाहेर रस्त्यावर उभा असतो, आणि प्रत्येक गाडीत एकेक माणूस अडकलेला असतो. कुठली गाडी आत घ्यायची हे मीही ठरवत नाही. वरून मागणी येईपर्यंत मीसुद्धा त्या खिडकीशी बसून असतो.

संध्याकाळी घरी निघालो, तर त्या ड्रायव्हरने मला गेटवर गाठलं.

"साहेब, आत जागाच नाही का हो?"

माझ्या पाठीमागे अख्खं गोदाम रिकामं होतं.

"नाही," मी म्हणालो.

त्याने समजुतीने मान हलवली. "मग तुम्ही तरी काय करणार," म्हणाला.