राखीव बाकावरचं दाक्षिण्य

नाशिक रोडहून शाळेला जाताना बसमध्ये ते गृहस्थ रोज दिसायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, कानात अत्तराचा फाया, आणि बसायचे ते 'स्त्रियांसाठी' लिहिलेल्या बाकावर, खिडकीशी. मी मराठी शिकवते हे कळल्यापासून मी शेजारी बसले की ते एखादा शब्द सोलायला घ्यायचे.

त्या सकाळी 'स्त्रीदाक्षिण्य' होता. "दक्षिण म्हणजे उजवा," बोटं नाचवत ते म्हणाले. "उजवा हात कुशल, म्हणून दक्षिण म्हणजे कुशल, मग सौजन्यशील. त्यावरून दाक्षिण्य. आणि जुन्या नाटकांतला दक्षिण नायक कोण, मॅडम? अनेक स्त्रियांशी सारख्याच अदबीने वागणारा!"

तेवढ्यात दिवस भरत आलेली एक बाई चढली आणि आमच्या बाकाशी दांडा धरून उभी राहिली. गृहस्थ कळवळले. मला म्हणाले, "मॅडम, उठा ना. बाईनेच बाईला समजून घ्यायला हवं."

मी उठतच होते. ती बसली आणि त्यांच्याकडे वळली. "काका, आता तुम्ही उठा. मॅडमना बसू द्या."

"माझा स्टॉप आलाच," म्हणत ते पुढचे कितीतरी स्टॉप, थेट द्वारका चौकापर्यंत बसून राहिले. माणूस खरोखरच दक्षिण नायक. आम्हा दोघींशी वागणं अगदी सारखं, उठले एकीसाठीही नाहीत.

द्वारकेला उठले. रिकाम्या जागेकडे हात करून म्हणाले, "बसा मॅडम, तुम्हाला जागा दिली." मग दारात थांबून माझ्याकडे पाहत राहिले. कंडक्टर ओरडायला लागला. शेवटी मी "थँक्यू" म्हणाले, तेव्हा कुठे ते उतरले आणि बस हलली.