पार्बताबाईचं जड स्टेअरिंग

पार्बताबाईचा खांदा आता कामातून गेला, हे घरात सगळ्यांनी एकमतानं ठरवून टाकलं होतं. नवऱ्यानं ठरवलं, पोरानं ठरवलं, शेजारच्या सत्यवतीनं तर कुंपणापलीकडून ऐकूनच ठरवलं. विचारलं नव्हतं ते फक्त पार्बताबाईला. आणि कमाल बघा, दोन-अडीच महिन्यांत तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

बाळापूरपासून सात-आठ किलोमीटरवर तिचं गाव. तिथं तिचा आणि देवीदासचा चार एकरांचा मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, थंडी पडली की पत्ताकोबी. वय एक्कावन्न. अंगानं किडकिडीत, पण वांग्यांनी भरलेलं कॅरेट उचलून गाडीत टाकायला तिनं आजवर कुणाला हाक मारलेली नाही.

सहा वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचा माल भाड्याच्या गाडीनं अकोल्याला जायचा. गाडी यायची, म्हणजे तिच्या मनाला येईल तेव्हा यायची. सहाला बोलावलेला ड्रायव्हर आठला उगवणार, वर चहा मागणार, आणि तोवर बाजार उतरलेला असणार. एका सकाळी उपटून, निवडून, जुड्या बांधून ठेवलेली मेथी बांधावर मान टाकून पडली, तेव्हा पार्बताबाईचं डोकं फिरलं.

"गाडी घ्या. मी चालवीन," ती म्हणाली.

देवीदास पोट धरून हसला. "गोपालची माय, सायकल तरी येते का तुले?"

नव्हती येत. पण सेकंडहँड पिकअप दारात आली आणि गोपालनं रिकाम्या वावरात तिला शिकवायला घेतलं. पहिल्या आठवड्यात तिनं एक बांध फोडला आणि विहिरीवरच्या पेरूला अशी धडक दिली की त्या साली त्याला फळच धरलं नाही. दुसऱ्या महिन्यात तिनं लायसनच्या परीक्षेत आठाचा आकडा एका दमात काढला, तेव्हा रांगेतली कॉलेजची पोरं टाळ्या वाजवत होती. तेव्हापासून रोज सकाळी मळा ते अकोल्याचा भाजीबाजार. पदर कमरेला खोचलेला, चप्पल काढून सीटखाली ठेवलेली. अनवाणी पायाला ब्रेक नीट कळतो, असं तिचं म्हणणं. असेल बुवा.

आता एक गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती, ती मी सांगतो. घरातून निघाल्यापासून बाजार येईपर्यंतचा तो पाऊण तास तिचा एकटीचा होता. त्या पाऊण तासात तिला कुणी पाणी मागत नव्हतं, कुणाचं काही हरवत नव्हतं, विहिरीवरची मोटार चालू कर अन् बंद कर नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून असा वेळ तिला पहिल्यांदाच मिळाला होता, आणि तो मिळाल्यापासून ती मनातून सुखी होती. तिला त्याशिवाय दुसरं काही नको होतं.

आणि पोळ्यानंतर स्टेअरिंग जड व्हायला लागलं.

घरून निघताना काहीच नसायचं. बाळापूर गेलं, हायवे गेला, सगळं सुरळीत. अकोल्यात शिरून गर्दीत हळू वळायची वेळ आली की चाक हातात दगडासारखं बसायचं. दोन्ही हात लावायचे, दात आवळायचे, सीटवरून अर्धं उठायचं, तेव्हा कुठं गाडी तोंड फिरवायची. पहिल्या दिवशी तिला वाटलं, टायरात हवा कमी असेल. हवा बरोबर निघाली. घरी येऊन सांगितलं, तर देवीदासनं सकाळी अंगणात गाडी इकडून तिकडे फिरवून पाहिली.

"अवं, लोण्यावानी फिरून राह्यलं," तो म्हणाला. "तुह्याच हाताले काई झालं."

बाळापूरच्या एका मेकॅनिकनं सकाळच्या थंड्या वेळी रिकामी गाडी चालवली, ऑइल बदललं आणि काहीच खराबी नाही म्हणून सांगितलं. गोपाल अकोल्याला डाळ मिलमध्ये नोकरीला, रोज जाऊन-येऊन. त्यानं रविवारी सकाळी गाडी गावातून एक चक्कर मारून आणली आणि आईकडे अशा काही मायेनं पाहिलं की तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं. मग तिला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं की होतं असं. मलम आलं, शेकायची पिशवी आली, आणि सून करिश्मा रोज संध्याकाळी तिच्या खांद्याला तेल चोळायला लागली. आता मला सांगा, तीन-तीन पुरुषांनी गाडी तपासून चांगली ठरवल्यावर बाईनं बोलावं तरी काय?

गेल्या बुधवारी बाजाराच्या फाटकाशी वळताना चाक वेळेत फिरलंच नाही. गाडीचा कोपरा एका केळीवाल्याच्या हातगाडीला लागला. माणूस बाजूला होता म्हणून बचावला, केळी मात्र रस्ताभर झाली. पार्बताबाईनं उतरून एकेक घड उचलून दिला. ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

"माय, बस्स झालं आता," गोपाल म्हणाला. आवाज अगदी मऊ. "तुले काई झालं असतं तं? सोमवारपासून तो योगेश ड्रायव्हर येईन गाडीवर. म्या बोलून ठेवलं त्याले. तू आराम कर."

भांडून बोलला असता तर तिनं दोन शब्द सुनावले असते. पण मायेनं बोलणाऱ्याला काय सुनावणार? ती हो म्हणाली आणि चुलीपाशी जाऊन बसली. आपला पाऊण तास गेला, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

शुक्रवारी करिश्मा खांदा चोळत होती. बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "आत्याबाई, येताना जास्त दुखते का जाताना?"

"येताना काईच नाई होत," पार्बताबाई म्हणाली.

"असं कसं? हात तं तोच हाये ना?"

पार्बताबाईनं मान वळवून सुनेकडं पाहिलं. खरंच की! माल उतरवून, चहा पिऊन, तासाभरानं गाडी काढली की चाक बोटानं फिरायचं. दिवसभर तोच हात कॅरेटं उचलायचा, विहिरीवरची मोटार सुरू करायचा, तेव्हा त्याला काही होत नव्हतं. तासभर उभं राहून आराम कोण घेत होतं? गाडी. मग दुखणं कुणाचं? आणि आजवर गाडी तपासली कुणी, तर सकाळी, थंडी, रिकामी! ती उठलीच तिथून. तेलाची वाटी उपडी झाली तरी तिला भान नव्हतं. तिला एवढा राग आला होता की रात्रीची भाकरी तिनं रागातच थापली.

रविवारी बाजार बंद, म्हणून शनिवारची तिची शेवटची फेरी. योगेशला बाजारातले अडते दाखवायचे, म्हणून कोण कुठं बसतं ते बघून ठेवायला देवीदास सोबत आला होता. गाडीत वांग्यांची आणि पत्ताकोबीची कॅरेटं खच्चून भरलेली. अकोल्यात शिरल्यावर चाक नेहमीसारखं आवळलं. पार्बताबाईनं दात आवळून गाडी वळवली, पण बाजाराकडं नाही, जुन्या शहरातल्या एका गल्लीत.

"अवं, कुठं चालली? बाजार उतरून जाईन ना!" देवीदास ओरडला.

"जाऊ द्या उतरून," ती म्हणाली.

सहा वर्षांत तिनं एक बाजार चुकवला नव्हता. देवीदासनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि दाराची मूठ घट्ट धरली.

मनोज मेकॅनिकचं गॅरेज खाली आणि घर वर. मागच्या साली त्यानं हिच्या गाडीचं क्लच केलं होतं. तो दात घासत जिन्यात उभा होता.

"मावशी, एवढ्या सकायी?" तोंडात फेस तसाच.

"चूळ भर अन् खाली ये. गाडी बंद नाई करत मी. थंडी झाली का शहाणी होते हे."

मनोज हसला, पण आला. त्यानं बॉनेट उघडलं. स्टेअरिंगच्या पंपाचा पट्टा दाबून पाहिला, चांगला होता. ऑइलच्या डबीचं झाकण काढलं, तर ऑइल भरपूर, पण वर ताकासारखा फेस. पंपातून घुंग-घुंग आवाज येत होता.

"आतापर्यंत कोणं चेक केली?" त्यानं विचारलं.

"सगळ्याईनं," पार्बताबाई म्हणाली. "सगळ्याईनं थंडी चेक केली."

मनोजनं फडक्याला हात पुसले आणि देवीदासकडं वळला. "काका, तुमी बसा स्टेअरिंगवर. डावीकडं पूर्ण वळवा."

देवीदास रुबाबात चढला. एका हातानं चाक ओढलं. हाललं नाही. दुसरा हात लावला. मग पाय टेकवून, सीटवरून उठून, तोंड लाल करून ओढलं, तेव्हा कसंबसं अर्धा फेरा गेलं.

"मनोज, इंजन चालू हाये ना रे?" तो धापा टाकत म्हणाला.

"चालूच हाये काका."

देवीदासनं चाक सोडलं. मग काचेतून बायकोकडं पाहत त्यानं विचारलं, "गोपालची माय, हे असं... हे असं घेऊन तू रोज येत होती?"

"पोळ्यापासून," ती म्हणाली. "अन् तुमी मले मलम आणून देत होते."

तो खाली उतरला आणि मघापेक्षा जरा लहान दिसायला लागला.

तेवढ्यात मनोजनं आत टॉर्च मारला. "काका, इकडं या. रेस देतो, या पायपाकडं पाहा." ऑइलच्या डबीतून पंपाकडं एक नळी जात होती. मनोजनं इंजिनचा आवाज वाढवला, तशी ती नळी हळूहळू चपटी झाली. आवाज कमी केला, तर पुन्हा फुगली.

"हा पाईप गाडीचा नाई," मनोज म्हणाला. "हा फवाऱ्याचा पाईप हाये. आतून जोर आला तं फुटत नाई, पण इथं पंप तेल ओढते ना, तं बाहेरून दबते. थंडा असला का कडक राह्यते, म्हणून चालते. तेल तापलं का पार नरम पडते, पंपाले तेलच भेटत नाई. कोणं बसवला हा?"

पार्बताबाईला खरंच माहीत नव्हतं. बाळापूरच्या मेकॅनिकनं बसवला असेल, असं ती म्हणणार होती. देवीदासनं नुसती मान हलवली असती तरी गोष्ट तिथंच मिटली असती. मळ्यात त्यानं फवारणीच्या जुन्या नळ्या कुठं-कुठं जोडल्या होत्या, याचा त्याला कोण अभिमान! पोळ्याच्या आदल्या दिवशी गाडीखाली तेल टपकताना दिसलं, घाई होती, दोन क्लिपा आवळल्या आणि तो विसरूनही गेला.

त्यानं घसा खाकरला. एकदा, दोनदा.

"म्या," तो म्हणाला.

"काय म्या?" पार्बताबाई म्हणाली.

"म्याच बसवला. गळत होतं तेल. म्या म्हटलं, काय एवढ्यासाठी बाळापूरले जा. सांगाचं राहून गेलं."

पार्बताबाईला आधी हसू आलं, आणि मग असं काही रडू फुटलं की मनोज घाबरून आत स्टूल आणायला पळाला. नवऱ्याचा राग आला होताच, पण त्याहून जास्त तिला स्वतःचाच राग आला होता. आपलाच हात, जन्मभराचा, आणि लोक म्हणाले म्हणून आपण त्याला खोटं ठरवलं! पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "मी म्हातारी झाली, असं वाटून राह्यलं होतं मले. रोज वाटे. तुमाले काई कल्पना हाये का?"

"नव्हती," देवीदास म्हणाला. "चुकलं माहं." छत्तीस वर्षांच्या संसारात हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले असतील. त्याला ते नीट म्हणताही आले नाहीत.

मनोजकडं ऑइलची योग्य नळी होती. त्यानं जुनी काढली, नवी बसवली, फेसाळलेलं ऑइल काढून नवं भरलं. मग आतली हवा निघावी म्हणून पार्बताबाईला चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. ती फिरवत राहिली. पाच वेळा सांगितलं होतं, तिनं वीस वेळा फिरवलं. पंपाचा आवाज बसला, फेस गेला, आणि इंजिन चांगलं तापलेलं असतानाही चाक बोटावर फिरायला लागलं. तिच्या तोंडावर जे हसू आलं ते तिला लपवता येईना.

देवीदास गल्लीत जाऊन फोन लावत होता. त्याला फोनवर हळू बोलणं कधी जमलंच नाही, त्यामुळं सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "गोपाल? आयक. योगेशले नाई म्हणून सांग. नाई, नाई, तुह्या मायले काई नाई झालं. पाईप म्या गलत बसवला होता. हाव, म्याच. सांग घरी सगळ्याईले, सत्यवतीलेबी सांग."

पलीकडून गोपाल काहीतरी विचारत होता. देवीदास ऐकत राहिला, आणि मग एकदम चिडला.

"सोमवारी गाडी कोण नेईन म्हंजे? जे रोज नेते थेच नेईन! अबे, म्या आज चाक धरून पाह्यलं. मले अर्ध्याच्या वर फेरा नाई झाला. अन् तुह्या मायनं अडीच महिने गाडी भरून आणली!"

पार्बताबाईनं गाडीतून सगळं ऐकलं. तिनं पदर पुन्हा कमरेला खोचला आणि हॉर्न वाजवला.

"चला आता, बसा लवकर," ती म्हणाली. "अर्धा बाजार अजून बाकी हाये."