चकतीवरचं तेल

आमच्या हॉलमध्ये सोफा आहे, टीव्ही आहे आणि दोघांच्या मधोमध माझी सायकल उभी असते. खाली पार्किंगमध्ये ठेवली की चोरीला जाते, असा आमच्या सोसायटीचा अनुभव आहे. येणारा-जाणारा हँडलला अडखळतो आणि माझ्याकडे बघतो. बघू दे. नवरा सोडून बापाकडे राहायला आलेली, घरबसल्या नोकरी करणारी, केस पिकायला लागलेली बाई सकाळी हाफ पँट घालून सायकल फिरवते, यावर लोकांना जे बोलायचं ते केव्हाच बोलून झालंय.

त्या एका फेरीवर मी दिवस काढत होते. उजाडताना नेरूळहून निघायचं, पाम बीचच्या कडेकडेने बेलापूर, तिथून दिवाळे गावच्या जेट्टीपर्यंत. होड्या बघत घोटभर पाणी प्यायचं आणि परत. उरलेला दिवस लॅपटॉप आणि बाबा.

बाबा तुर्भ्याला एका कंपनीत फिटर होते. कंपनी बंद पडून जमाना झाला, पण त्यांच्या डोक्यातली चालू आहे. मागच्या उन्हाळ्यात ते फर्स्ट शिफ्टला म्हणून घरातून निघाले आणि दुपारी ठाणे-बेलापूर रस्त्यावर एका पानवाल्याच्या बाकड्यावर सापडले. यांना एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. दिवसा सांभाळायला एक मावशी येतात, पण त्या उशिरा. समोरचा फ्लॅट रिकामा, मजल्यावर तिसरं दार नाही. मग मी काय करायचे, तर बाबांना चहा द्यायचा, सिलिंडर बंद करायचा आणि बाहेरून कडी घालून कुलूप लावून निघायचं. पुण्याच्या भावाला हे कळलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "अगं, कोंडून काय ठेवतेस त्यांना?" म्हटलं, ये, तू बस. त्यावर त्याची लगेच मीटिंग निघाली. दुरून डोंगर साजरे.

माझ्या सायकलीला डिस्क ब्रेक आहेत. जुन्या सायकलींचे रबरी ठोकळे रिमला घासायचे. हिच्या चाकाच्या मध्याशी स्टीलची चकती असते आणि दोन छोटे पॅड तिला चिमटीत धरतात. चिखलापाण्यातही ब्रेक लागतो. पथ्य एकच, चकतीला तेल लागता कामा नये. पॅड तेल पितात, मग ब्रेक नुसता किंचाळतो आणि लागत नाही.

दसऱ्याला बाबांनी हट्टाने पूजा मांडली. त्यांचे फिटरचे पाने, हातोडी, माझा लॅपटॉप, सायकल. कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही, म्हणून कंपनीत ते तेलात कालवून मशीनला लावायचे. बाबांनी तसंच कालवलं. सायकलीवर सगळ्यात चकचकीत जागा कुठली? दोन्ही चकत्यांवर ठसठशीत बोटं उमटली, वर झेंडूचा हार. सणाच्या दिवशी काय बोलणार? कितीतरी दिवसांनी बाबा बाबांसारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी ब्रेक दाबला तर अख्खी बिल्डिंग जागी होईल असा आवाज. दुकानात माझ्या मापाचे पॅड नव्हते, ते येईपर्यंत मी घरात. माझी नुसती चिडचिड. बाबा मात्र मजेत. सकाळी दोघं गॅलरीत चहा घ्यायचो आणि बेअरिंग कसं बसवतात ते मला पुन्हा पुन्हा ऐकावं लागायचं.

नवे पॅड बसले, मी सुटले, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच किंचाळणं. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, पॅड तेल प्यालेत. चेनला स्प्रे मारता का?" मी स्प्रेला हातही लावला नव्हता. त्याने चकती स्पिरिटने पुसली, पॅड पॉलिश पेपरवर घासून दिले. काही दिवस बरे गेले, पुन्हा रडगाणं. मग मी त्याच्यावरच घसरले, तुमचेच हात तेलकट असणार म्हणून. "टेन्शन नका घेऊ मॅडम," म्हणत त्याने माझ्यासमोर साबणाने हात धुतले. चोर सोडून संन्याशाला फाशी.

शेवटी व्हिडिओ बघून मी स्वतःच शिकले. पॅड काढले, चिमट्यात धरून गॅसच्या आचेवर भाजले. त्यातून धूर निघाला, स्वयंपाकघरभर जळक्या तेलाचा वास सुटला. बाबा दारात उभे राहून बघत होते. एवढं लक्ष देऊन त्यांनी हल्ली काहीच पाहिलं नव्हतं.

"समदं त्याल निघतं का गं यानं?" त्यांनी विचारलं.

"निघतं," मी म्हटलं.

निघण्याआधी खाली एकदा ब्रेक दाबून बघायची सवय मला लागली. किंचाळला की सायकल वळवायची आणि लिफ्टने वर यायचं. परत येऊन कुलूप काढताना दर वेळी वाटायचं, आपण दार उघडत नाही, आत जाऊन पडतोय. भिंती अंगावर यायच्या. बाबांची औषधं, बाबांची आंघोळ, ऑफिसचे कॉल, आणि खिडकीतून दिसणारा रस्ता.

एके दिवशी मी ब्रेक दाबलाच नाही. तो आवाज मला ऐकायचा नव्हता. मला जायचं होतं, बस्स.

दिवाळ्यात शिरताना उतारावर एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन आडवी आली. मी दोन्ही मुठी आवळल्या. सायकल किंचाळत तशीच पुढे. हँडल वळवलं आणि जाळ्यांच्या ढिगात जाऊन आडवी झाले.

"डोले फुटले काय गो तुजे?" ती ओरडली. मग पाटी खाली ठेवून तिनेच मला उठवलं. गुडघा सोलून निघाला होता. "रगत येतंय बग. घरा कोन हाय?"

"बाबा आहेत."

"मंग फोन कर ना त्यांना. येतील न्यायला."

फोन होता, पण किल्ली माझ्या खिशात होती.

सायकल ढकलत, लंगडत घरी आले. कुलूप काढलं तर बाबा दाराला टेकूनच खाली बसले होते. मी चकतीवरून बोट फिरवलं. बोट तेलाने चकाकलं.

"बाबा, हे तेल कोण लावतं?"

"मी."

मला वाटलं, हेही विसरण्यातलंच. म्हणून लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागले, की ब्रेकला तेल लावायचं नसतं. त्यांनी डोळे वटारले.

"मला शिकवतीस व्हय? फिटर हाय मी. बिरेकला त्याल लावत्यात का कुटं?"

"मग का लावलंत?"

"दसऱ्याला चुकून लागलं, तवा तू घरात ऱ्हायलीस. त्याल लावलं की तू जात न्हाईस."

माझा तोल सुटला. "बाबा, आज मेले असते मी!"

ते माझ्या गुडघ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्येच की. तू कुटं पडलीस, मेलीस, तर ह्ये कुलूप कोन काढणार? रोज त्योच इचार करत बसतो हितं."

मला संताप आला. जीव जायची पाळी आणली होती त्यांनी माझ्यावर. रडू त्याच्यामागोमाग आलं. तिथेच, उघड्या दारात, मी त्यांच्या शेजारी बसले.

आता नवे पॅड बसवलेत. तेलाची बाटली जागच्या जागी आहे, तिला कुणी हात लावत नाही. सकाळी मी दार सताड उघडं टाकून खाली उतरते आणि आवारातच बिल्डिंगभोवती फेऱ्या मारते. गेट एकच आहे, ते बंद असतं, आणि वॉचमनला बाबांचं सांगून ठेवलंय. बाबा गॅलरीत ग्रिल धरून उभे असतात. दर फेरीला ते हात वर करतात, मीही करते. कधी कधी इतका राग येतो की करत नाही. मग पुढच्या फेरीला ते ग्रिलमधून वाकून वाकून मला शोधत असतात. घाण्याच्या बैलाचं बरं, त्याच्या डोळ्यांना झापडं तरी असतात. ब्रेक मात्र झकास लागतात. लावायची वेळच येत नाही.

वॉचमनला अजून सवय झालेली नाही. मी त्या बाजूला वळले की तो लगबगीने खुर्चीतून उठतो.

"मॅडम, गेट खोलू का?"

"राहू दे," मी म्हणते.