दीड मात्रा

डहाणूच्या एका साप्ताहिकात मी चार वर्षं नव्या गाण्यांवर लिहीत होते. साप्ताहिक चार पानांचं. पहिल्या पानावर रेल्वे आणि पाणी, शेवटच्या पानावर चिकूचे भाव आणि श्रद्धांजल्या, आणि श्रद्धांजल्यांच्या डोक्यावर मी. ते लिखाण मध्येच का सोडलं असं कुणी विचारलं की शाळेचं काम वाढलं असं सांगते. शाळेचं काम वाढलं नव्हतं.

मी तलासरीच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि राहते डहाणूला. २०१४ नंतर आमच्या भागात हाताहातात मोबाइल आले आणि गाण्यांना पूर आला. कंपनी नाही, कॅसेट नाही, ज्याला सुचेल तो गाणं करून इंटरनेटवर टाकायचा. झाईचे कोळी होडीत उभे राहून गायचे. वाणगावचे दोघे भाऊ सकाळी भाजीचा टेम्पो चालवायचे आणि दुपारी रॅप करायचे, एकाच ओळीत मराठी, गुजराती आणि शिव्या. बोर्डीचे एक निवृत्त मुख्याध्यापक स्वतःच्या गझला स्वतःच गायचे. नवरात्राच्या आधी गरबे, लग्नसराईच्या आधी हळदीची गाणी. ही सगळी मंडळी गाणं झालं की मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची आणि मी रविवारी बसून त्यांना मार्क द्यायची.

माझा अधिकार काय? लहानपणी गाण्याच्या चार परीक्षा पास झाले होते. पाचव्या परीक्षेत नापास झाले आणि सोडलं. ही पाचवीची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नव्हती. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. पण माझी जीभ तिखट होती आणि लोकांना तिखट आवडतं. मुख्याध्यापकांच्या गझलेवर मी लिहिलं होतं, ‘कवी दुःखी आहे हे कळलं. आता श्रोताही आहे.’ ते माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत आणि मी ते दोन महिने मेडलसारखे मिरवले. कुणाचं कौतुक केलं की लेख कुणी वाचायचं नाही, कुणाची साल काढली की बसमध्ये अनोळखी माणसं ओळख द्यायची. मी काय शिकायचं ते शिकले.

२०१६ चा पावसाळा संपत आला होता तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने गाणं पाठवलं. तलासरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून तिचा पाडा. वर्गात ती शेवटच्या बाकावर बसायची, अक्षर मोत्यासारखं, तोंडातून शब्द नाही. आता अंगणवाडीत लागली होती. तिचा बाप तारपा वाजवायचा. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा, असं ते वाद्य. भात पिकायला लागलं की ते बाहेर काढतात, वाजवणारा मधे उभा राहतो आणि पाडा त्याच्याभोवती नाचतो.

गाण्यासोबत तिने लिहिलं होतं, ‘मॅडम, बाबांचा दम आता पुरत नाही. डॉक्टरांनी फुंकायला बंदी केली आहे. म्हणून एकदाच पूर्ण नाच वाजवून घेतला आणि वरून मी गायले. आमच्या पाड्यावर ही चाल दुसऱ्या कुणाला येत नाही. पुढच्या वर्षीपासून हेच लावून नाचणार. ऐकून लिहाल का?’

इतकं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचलंही होतं.

गाणं मी तलासरीच्या एसटी स्टँडवर बसची वाट बघत ऐकलं. खरं सांगते, अंगावर काटा आला. तारप्याचा तो घुमणारा सूर, त्याच्यावर तिचा पातळ, न घाबरणारा आवाज, मागे कुठेतरी कोंबडा. बस आली तरी मी उठले नाही. पण काटा आला असं लिहून लेख होत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना मी पाय आपटून ताल मोजायला लागले, आणि सापडलं. दोन ठिकाणी तारपा एक सूर लांब ओढतो, ताल तेवढ्यापुरता टांगलेला राहतो आणि मग पुढे सुरू होतो. दीड मात्रा जास्त. निबंधात ऱ्हस्वदीर्घाची चूक सापडल्यावर मास्तरणीला जो आनंद होतो तोच मला झाला.

मी लिहिलं, ‘वडिलांचा श्वास दोन वेळा ताल सोडून फिरायला जातो आणि लेक दारात उभी राहून त्याची वाट बघते. दीड मात्रेची ही सहल टाळली असती तर गाणं बरं झालं असतं.’

ज्या माणसाचा दम संपत आला होता त्याच्या श्वासावर मी विनोद केला. स्टाफरूममध्ये ते वाक्य मोठ्याने वाचलं गेलं. गणिताचे सर म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या हातून कुणी सुटत नाही.’ मला फार बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर ती वर्गाच्या दारात उभी होती. हातात वही. मला वाटलं रडेल, भांडेल. तसलं काही नाही.

‘मॅडम, कुठं चुकला ते दाखवा ना,’ ती म्हणाली.

मी खूश झाले. एरवी बाकीचे रुसून बसायचे, ही शिकायला आली होती. मी फळ्यावर मात्रा लिहिल्या, टाळी देऊन दाखवल्या, जिथे सूर लांबतो तिथे मोठं वर्तुळ काढलं. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं, वर्तुळासकट. मग पेन बंद करता करता म्हणाली, ‘पण बाबा तसाच वाजवतो. आधीपासून.’

‘मग आधीपासून चुकत असतील,’ मी म्हणाले.

हे वाक्य मी उच्चारलं आहे. कितीदा तरी वाटतं, मधे बसची वेळ झाली असती, शिपाई आला असता, वीज गेली असती. काही झालं नाही. ती ‘हो मॅडम’ म्हणाली.

तिचे बाबा पुन्हा वाजवू शकत नव्हते, म्हणून मीच तिला मार्ग काढून दिला. डहाणूला स्टेशनजवळ लग्नाच्या व्हिडिओची जोडाजोडी करणारा एक माणूस होता, त्याच्याकडे धाडलं. त्याने दोन्ही ठिकाणचा लांब सूर कापला आणि टोकं जोडून दिली. जोड कुठे आहे हे कळलंसुद्धा नाही. ‘जुन्याचा काय करू?’ असं तिने मला फोन करून विचारलं. मी म्हणाले, ‘काढून टाक सगळीकडून. दोन-दोन कशाला? लोक चुकीचंच ऐकत बसतात.’

त्या हंगामात तिच्या भावकीत कुणी वारलं म्हणून पाड्यावर नाच झाला नाही. माझ्या लेखात मात्र नव्या गाण्याचं कौतुक आलं. ‘ऐकण्याची तयारी असली की कलाकार कसा पुढे जातो,’ वगैरे वगैरे. म्हणजे कौतुक खरं तर माझंच होतं.

२०१७ च्या दसऱ्यानंतर तिचा फोन आला. रविवारी दुपारी नाच आहे, गाणं पहिल्यांदाच लावणार आहोत, मॅडम, तुम्ही याच. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. पाड्यावर एकच प्लास्टिकची खुर्ची होती, ती मला दिली. तिचे बाबा बाजेवर बसले होते. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. छाती आत गेलेली, हात मात्र मोठे. ‘बाई आल्या,’ म्हणून त्यांनी उठून हात जोडले. शेजारी भिंतीला तारपा टेकवून ठेवला होता.

ते एरवी जिथे उभे राहायचे त्या जागी स्टूल ठेवून त्यावर स्पीकर ठेवला होता. गुजरातेत कंपन्यांत कामाला जाणारी पोरंपोरी सुटीवर आली होती, म्हाताऱ्या होत्या, सगळ्यांनी एकमेकांच्या कमरेत हात घातले. सगळ्यात पुढे हातात काठी घेतलेला माणूस. गाणं सुरू झालं आणि रांग वळसे घेत फिरायला लागली. पन्नासेक माणसांचे पाय एकदम पडत होते. मी खुर्चीवर बसून मान डोलावत होते, जणू मीच वाजवत होते.

मग एका जागी काठीवाल्याने स्पीकरकडे बघितलं. पाय उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. पुढचे थांबले, मागचे त्यांच्यावर आले, रांग मोडली. सगळे हसले. पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा त्याच जागी तेच झालं. या वेळी हसणं कमी होतं. एक म्हातारी रांगेतून बाहेर पडली आणि पदराने मान पुसत माझ्या खुर्चीजवळ येऊन बसली.

‘सांगतच नाय, तर वळायचा कसा?’ ती म्हणाली.

मी काठीवाल्याला विचारलं, काय झालं? शाळेच्या बाईंना समजावं म्हणून त्याने शांतपणे समजावलं. ‘बाई, तारपावाला एक लांब सूर ओढतो. त्यावर आमाला कळतं, आता पाय बदलायचा, आता वळायचा. तो सूर आलाच नाय.’ मग जरा विचार करून म्हणाला, ‘मोबाईलात अडकला असेल.’

ती स्टुलाजवळ मोबाइल धरून उभी होती, मान खाली. तिला माहीत होतं. बहुतेक माझ्या फळ्यासमोरही माहीत होतं. लहानपणापासून त्या सुरावर ती वळत आली होती, आणि मी टाळ्या वाजवून तिला ताल शिकवला होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं मी वर्गात वाक्यात उपयोग करायला द्यायची. तेव्हा मला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

मी उठून तिच्याजवळ गेले. हळू विचारलं, ‘जुनं कुणाकडे तरी असेल ना गं?’

‘नाय, मॅडम. तुमी सांगितला तसा सगळ्यांच्या मोबाईलातून काढला. मी घरोघर फिरून काढला.’ तिच्या आवाजात राग नव्हता. मी सांगितलेला गृहपाठ तिने नेहमीसारखा पुरा केला होता. माझ्या मोबाइलमध्येही ते नव्हतं. लेख छापून आला की मी सगळी गाणी पुसून टाकायची, जागा व्हावी म्हणून.

एवढ्यात तिचे बाबा बाजेवरून उठले. तारपा उचलून हळूहळू चालत स्टुलापाशी आले आणि लेकीला काहीतरी म्हणाले. ती नको नको म्हणत होती. त्यांनी ऐकलं नाही. गाणं तिसऱ्यांदा सुरू झालं. ती जागा आली तशी तिने अंगठ्याने गाणं थांबवलं, आणि त्या शांततेत म्हाताऱ्याने तारपा तोंडाला लावून तो एक सूर ओढला. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. काठीवाला वळला, त्याच्यामागे अख्खी रांग वळली, आणि तिने गाणं पुढे सुरू केलं. दुसऱ्या जागीही तसंच. या वेळी सूर मध्येच फाटला, पण रांग वळली. नाच पुरा झाला आणि लोकांनी आरोळ्या ठोकल्या.

म्हातारा खोकत होता. खोकला थांबायला वेळ लागला. कुणीतरी पाणी दिलं. तोंड पुसून तो माझ्याकडे वळला. माझा लेख त्याला कुणीतरी वाचून दाखवला असणार, कारण त्याने मलाच विचारलं.

‘बाई, आता बरोबर झाला?’

त्या वेळी म्हणायचं एकच वाक्य होतं. बाबा, तुमचं आधीच बरोबर होतं, चूक माझी. आठवीच्या मुलालाही सुचेल इतकं सोपं वाक्य. पाडा माझ्याकडे बघत होता, मी एकुलत्या एका खुर्चीपुढे इस्त्रीच्या साडीत उभी होते.

‘हो,’ मी म्हणाले, ‘आता बरोबर झालं.’

त्याचा चेहरा उजळला. लेकीकडे बघून म्हणाला, ‘बघ, बाई सांगतात बरोबर झाला.’ आणि काठीवाल्याला खूण केली, अजून एक फेरा होऊ दे. रांग पुन्हा जुळायला लागली. त्याने तारपा पुन्हा उचलला.

तेव्हा तिने वर मान करून माझ्याकडे बघितलं. ‘मॅडम, तुमी सांगा ना त्याला, नको फुंकू म्हणून. तुमचा ऐकेल तो.’

नको म्हटलं असतं तर त्याने ‘का?’ असं विचारलं असतं, आणि मग चूक माझी होती हे मला सांगावं लागलं असतं. मी खुर्चीवर जाऊन बसले. तिने गाणं लावलं.