लांबचा कावळा

माझ्या जावेच्या हातात बंदूक मीच दिली, आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून पुरतं थांबलेलं नाही. कुणाला ऐकायला बरं वाटो न वाटो, मी तिच्यावर जळले. चांगली दोन वर्षं जळले.

मी नाशिकला एका सरकारी कचेरीत क्लार्क. बेचाळिसाव्या वर्षी एका मैत्रिणीबरोबर गंमत म्हणून एअर रायफल चालवायला गेले आणि तिथेच अडकले. आमचा क्लब सायखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, द्राक्षमळ्यामागच्या पडीक जमिनीवर आहे. तिथे पत्र्याचे उंदीर, ससे, कावळे कमी-जास्त अंतरावर उभे केलेले असतात. प्रत्येकाच्या छातीला सुपारीएवढं भोक. छर्रा भोकातून गेला की कावळा धाडकन मागे पडतो, कडेला लागला तर नुसता टण्ण आवाज येतो आणि मेला तुमच्याकडे बघत उभा राहतो. नुसत्या डोळ्यांनी हे जमत नाही. बंदुकीवर स्कोप लागतो, म्हणजे छोटी दुर्बीण, आणि तिच्यात नेम धरायला बारीक काळी फुली असते.

ही फुली सरळ बसवणं हे माझं काम. क्लबात कुणीही नवा स्कोप आणला की तो माझ्याकडे यायचा. माझे वडील गवंडी होते. भिंत उभी करायची तर दोरीला वजन बांधलेला ओळंबा सोडल्याशिवाय एक वीट पुढे लावायचे नाहीत. त्यांच्यामागे त्यांचा ओळंबा आणि पाणसळ, म्हणजे सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी, माझ्याकडे आली; दोन्ही कपाटात पडून होती. मी मात्र स्कोप नजरेनेच बसवायचे आणि वर ऐटीत म्हणायचे, "गवंड्याची लेक आहे मी, माझ्या डोळ्यातच ओळंबा आहे!" लोक हसायचे, माना डोलवायचे. माझाही स्कोप मी असाच बसवलेला.

जाऊ चांदवडकडची. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. घरात बसून कंटाळते म्हणून एका रविवारी तिला क्लबात घेऊन गेले. बाईसाहेबांनी पहिल्याच दिवशी ससा पाडला. मी म्हटलं, नवशिक्याचं नशीब. पुढच्या रविवारी दोन पाडले. घरी येऊन मी आमच्या ह्यांना म्हटलं, "जमतंय हो तिला," आणि ते म्हणताना माझे दात आवळलेले होते.

सहा महिन्यांनी दिराने तिला स्वतःची बंदूक घेऊन दिली, आणि स्कोप घ्यायला आम्ही दोघी शहरातल्या एका दुकानात गेलो. मी तिला सगळ्यात मोठा, माझ्यासारखाच, चोवीस पटीने मोठं दाखवणारा स्कोप घे म्हणून सांगत होते. ती ऐकेना. एकेक स्कोप डोळ्याला लावून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला टांगलेल्या कॅलेंडरावरची बारीक अक्षरं वाचत होती. मोठ्या स्कोपातून ते जवळचं कॅलेंडर धुरकट दिसत होतं, बाजूची फोकसची चकती कितीही फिरवा.

"ताई, लय मोठी नको," ती म्हणाली. "ह्यात माझ्या काळजाचे ठोके दिसतात बघा, फुली नुसती नाचते. आणि जवळचा उंदीरच दिसला नाय तर मारायचा कसा?"

तिने बारा पटीचा, जवळचंही स्वच्छ दाखवणारा स्कोप घेतला. दुकानदार म्हणाला, पहिल्यांदा स्कोप घेणारं माणूस हे तपासतच नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला हे इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं, आणि ही कालची पोर कॅलेंडर वाचून मोकळी झाली!

तो आमच्या गच्चीवर मीच बसवला. तिला बंदुकीला गाल टेकवून डोळे मिटायला लावले, मग उघडायला सांगितले. भोवतीची काळी कड जाऊन पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे सरकवला. मग फुली सरळ करून स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळले. एकच स्क्रू एकदम आवळला तर नळी चेपते, ते मी तिला सांगितलं. हात आखडता घेतला नाही, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवते.

तिने नेम धरला आणि म्हणाली, "ताई, फुली उजवीकडं झुकलीय का?"

"फुली सरळ आहे. तुझी मान वाकडी आहे."

तिने मान सरळ करून परत डोळा लावला.

त्यानंतर दोनेक महिन्यांत तिचे लांबचे कावळे पडायला लागले. पंचेचाळीस मीटरवरचा शेवटचा कावळा हे माझं जुनं दुखणं. माझा छर्रा नऊ वर्षं त्याच्या डाव्या कडेलाच लागत होता. गोदेवरून वारं येतं, असं मी सगळ्यांना सांगायचे. वारं थांबलं की म्हणायचे, छर्रे हलके आहेत. जावेचा कावळा मात्र त्याच वाऱ्यात धाडधाड पडायचा. क्लबातली मंडळी टाळ्या वाजवायची आणि मी चहाच्या किटलीपाशी जाऊन उभी राहायचे. एकदा तर, सांगायला लाज वाटते, तिचा नेम चुकावा म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले होते.

मग निवड आली. राज्य स्पर्धेला जाणाऱ्या जिल्ह्याच्या संघात बायकांच्या दोनच जागा. एक ठरलेली होती, दुसरीसाठी आम्ही दोघी. मी आधी दोनदा राखीव म्हणून घरी बसलेली. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, मोतीबिंदू धरतोय, पुढच्या वर्षी ऑपरेशन करावं लागेल, आणि नंतर नेमाचा डोळा पूर्वीसारखा राहीलच असं नाही. म्हणजे ह्या वेळी नाही तर कधी नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिलाही.

दिवसअखेर दोघींचे गुण सारखे झाले. ठरलं की लांबच्या कावळ्यावर एकेक छर्रा, जिचा पडेल ती संघात. पाच मिनिटांची विश्रांती दिली. ती माझ्याजवळ आली, आजूबाजूला कुणी नाही ना बघितलं, आणि हळूच म्हणाली,

"ताई, रागावू नका. मघाशी तुमच्या बंदुकीतून बघितलं. तुमची दुर्बीण पण माझ्यासारखीच उजवीकडं झुकलेली हाय. मी माझी घरी दोऱ्याला खडा बांधून सरळ करून घेतली. ती फुली सरळ दिसावी म्हणून तुम्ही बंदूकच डावीकडं कलती धरता, म्हणून लांबचा छर्रा डावीकडं जातो. तुम्ही एवढ्या वेळेला बंदूक जरा उजवीकडं—"

"गप्प बस," मी म्हणाले. "ऐन वेळेला माझं डोकं फिरवायला आलीस? काल शिकलीस आणि मला शिकवतेस?"

तिचा चेहरा उतरला. ती निघून गेली.

पहिली पाळी माझी होती. फुली कावळ्याच्या भोकावर धरली, श्वास सोडला, घोडा दाबला. टण्ण. डावी कड. वारं पडलेलं होतं, समोरच्या बांधावरचं गवतही हलत नव्हतं. मग तिने नेम धरला आणि कावळा पडला.

सत्काराला तिच्या हातात फुलं दिली आणि दोन शब्द बोला म्हणाले. ती एवढंच बोलली, "माझी दुर्बीण ताईंनी बसवून दिली." लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मी हसले. आतून इतकी पेटले होते की वाटलं, हिने माझी जागा घेतली ती घेतली, वर माझा रागही हिसकावून घेतला. वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आमचे हे कामावर गेल्यावर, मी कपाटातून बाबांचा ओळंबा आणि पाणसळ काढली. ओळंबा समोरच्या टाकीच्या नळाला टांगला. बंदूक गच्चीच्या कठड्यावर उशांमध्ये ठेवली आणि तिच्या सपाट पाठीवर पाणसळ आडवी धरून ती अगदी बरोबर केली. मग डोळा लावला. फुलीचा उभा केस दोरीला चक्क कापून उजवीकडे जात होता. एवढासा नाही, चांगला दिसण्याइतका. मी डोळा चोळून परत बघितलं, पाणसळ फिरवून परत लावली. तेच. नऊ वर्षं मी वाऱ्याला शिव्या घातल्या होत्या.

पुढच्या रविवारी क्लबात तिघेजण स्कोप घेऊन माझी वाट बघत होते. "वहिनी, आमचेही बसवून द्या. तुमच्या हाताला यश आहे." जाऊ पलीकडे छर्रे मोजत होती, वर न बघता.

मी पिशवीतून ओळंबा काढला. "हिचा स्कोप मी वाकडा बसवला होता," मी म्हणाले. "तो हिने सरळ केला. मीच बसवलेले आहेत ते सगळे एकदा तपासून घ्या. माझाही. आणि ते काम हिला सांगा."

ती उठली. ओळंबा घेतला, दोरी दोन बोटांत धरून वजन थांबेपर्यंत वाट बघितली. अगदी बाबा धरायचे तशी. माझे बाबा तिने कधी बघितलेलेही नव्हते. खोटं कशाला सांगू, त्यावरही मला जळायला झालं.

माझ्या स्कोपचे स्क्रू सैल करून तिने फुली दोरीला लावली, आलटून पालटून आवळले, आणि नेम नव्याने बसवायला मला वीसेक छर्रे मारायला लावले. मग बंदूक माझ्याकडे देत म्हणाली, "मारा, ताई."

मी लांबच्या कावळ्यावर फुली धरली. बंदूक हातात अनोळखी वाटत होती, जराशी उजवीकडे ढळलेली. घोडा दाबला.

कावळा पहिल्याच छर्ऱ्याला पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला बंदूक खाली ठेवता येईना. आठ दिवसांपूर्वी, पाच मिनिटं हातात असताना, ती मला हेच सांगायला आली होती.